वाढलेले मणी

आईचं मंगळसूत्र जानेवारीतल्या एका सकाळी ओट्यापाशी तुटलं. भाजी परतता परतता ती पदर खोचायला वळली, पदराचं सूत कुठल्याशा मण्यात अडकलं आणि टपटप आवाज झाला. मी टेबलाशी मटार सोलत होते. "अगं आई, मंगळसूत्र तुटलं," एवढं माझ्या तोंडून निघालं मात्र, आईने झटक्यात मान वळवली. "वाढलं म्हण," ती म्हणाली. रागावून नव्हे. दूध उतू जाताना माणूस ज्या घाईने गॅस बंद करतं, त्या घाईने. आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते आणि त्या दिवसांत आमच्या घरात शब्दसुद्धा पथ्यावर होते.

मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. पंचवटीतलं आमचं घर जुनं, स्वयंपाकघरात मोझेकची फरशी. त्या फरशीत काळे खडे मुळातच असतात, त्यामुळे मणी कुठला आणि खडा कुठला हे डोळ्यांना कळेना, हाताने चाचपावं लागलं. आई बोट जिभेला लावायची, मण्यावर टेकवायची आणि वाटीत झटकायची. माझ्या मोबाइलच्या टॉर्चपेक्षा तिचं बोट जास्त मणी शोधत होतं. दोन्ही वाट्या पदरातच अडकल्या होत्या, त्या लगेच मिळाल्या. वाट्यांच्या आजूबाजूचे सोन्याचे चार मणी, त्यातले तीन मिळाले. चौथ्यासाठी फ्रीजखाली झाडणी फिरवली, गॅसच्या नळीमागे पाहिलं, मटाराच्या साली उलटसुलट केल्या. नाहीच. शेवटी आईने देवघरातून पिवळा दोरा आणला, त्यात हळकुंड ओवलं, गळ्यात बांधलं आणि पुन्हा भाजीकडे वळली. भाजी खाली लागली होती, तिच्याबद्दल मात्र ती जे बोलली त्यात पथ्य अजिबात नव्हतं.

दुपारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे आईचा भाचा, दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर, कारण आईला कानाला लावून ऐकू येत नाही आणि दादाला हळू बोलता येत नाही. "आत्या," तो ओरडला, "मणी काय वाढलेत औंदा! सोळाच्या वर गेलेत बघ!"

आईचा हात गळ्याकडे गेला.

हळकुंड हाताला लागलं आणि ती एकदम हसायला लागली. "वाढू दे रे बाबा," ती म्हणाली, "तिथं वाढू दे, इथं नको." दादाला काही कळलं नाही. तो पुढे औषधांचे भाव आणि मजुरांची टोळी यांवर गेला. मला मात्र ते तिथं-इथं दिवसभर टोचत राहिलं. तेच दोन शब्द, मणी आणि वाढणे. एका घरात ते ऐकले की माणूस पेढे आणायला निघतो, दुसऱ्या घरात दार लोटून घेतो.

वाढणे हे क्रियापद आपण कुठे कुठे वापरतो याची गंमतच आहे. पोर वाढतं, भाव वाढतो, पान वाढलं की माणसं जेवायला बसतात. आणि नारळ फोडला म्हणायचं नसतं, तो वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. जे फुटलंय, तुटलंय, ते संपलं असं तोंडाने म्हणायचं नाही, उलट त्याची भरभराट झाली म्हणायचं. लहानपणी मला हा निव्वळ खोटेपणा वाटायचा. कॉलेजात असताना यावर आईशी वाद घातलेला मला आठवतो. त्या सकाळी फरशीवर ओणवं होऊन मणी वेचताना मात्र मी स्वतःहून बाबांना ओरडून सांगितलं, "काही नाही हो, आईचे मणी वाढलेत." का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

दादाच्या बागेत मी पुढच्याच रविवारी गेले. मण्याला मणी का म्हणतात हे पाहायला, असं मी मला सांगितलं. खरं तर घरातलं औषधांच्या वेळापत्रकाचं वातावरण चार तास तरी सोडायचं होतं. द्राक्षाच्या मांडवाखाली शिरलं की आधी थंडावा लागतो, मग भुरी रोगासाठी मारलेल्या गंधकाचा वास, आणि मग डोळे सरावले की वरून लोंबणारे घड. बागायतदार 'द्राक्ष' हा शब्द बाजारापुरता वापरतात. मांडवाखाली सगळं मणी. मणी सेट झाला, मणीगळ झाली, मण्याला फुगवण आली, मणी तडकला. आणि जो शब्द मला सगळ्यात आवडतो तो म्हणजे मण्यात पाणी उतरलं. कडक, हिरवा, दाताला करकर लागणारा मणी एका टप्प्यावर मऊ पडायला लागतो, आरपार दिसायला लागतो, आंबटपणा कमी होऊन साखर भरू लागते. त्याला पाणी उतरणं म्हणतात. सराफाच्या दुकानात मोत्याला पाणी असतं, इथे मण्यात ते उतरतं. कुणी कुणाकडून घेतलं असेल?

दादाच्या खिशात प्लॅस्टिकची एक पट्टी असते, तिला वेगवेगळ्या मापाची भोकं. चौदा, सोळा, अठरा. घडातला एक मणी धरून तो त्या भोकात घालून बघतो. आरपार गेला तर मणी लहान, अडकला तर खूश. परदेशी जाणाऱ्या मालाला सोळा-अठरा मिलिमीटरच्या पुढचा मणी लागतो. मी विचारलं, एवढी मापं घ्यायची वेळ का येते, फळ आहे, वाढेल आपोआप. "ह्याला बी कुठंय," दादा म्हणाला. त्याने ते सहज म्हटलं, पण मला ते फार मोठं वाटलं. बी असलेल्या द्राक्षात वाढीचा हुकूम बीच देतं. जिबरेलिन नावाचं संजीवक तिथेच तयार होतं आणि भोवतीचा गर फुगतो. थॉमसन सीडलेसचं बी कोवळं असतानाच जिरून जातं, म्हणून मणी आपल्याआप राहिला तर बारीकच राहतो. मग माणसाने मगमध्ये जीएचं, म्हणजे याच जिबरेलिनचं, पाणी घ्यायचं आणि एकेक घड त्यात बुडवून काढायचा. एकरात हजारो घड. त्याआधी बायका मांडवाखाली बसून छोट्या कात्रीने विरळणी करतात, दाटीतले मणी काढून टाकतात, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळावी. त्यातली एक आजीबाई माझ्याकडे न बघता बोलली, "जास्त लेकरं झाली की कुणालाच दूध पुरत नाही." कात्री चालूच होती.

आणि मापाची त्यांची भाषा! मणी बाजरीएवढा झाला की एक फवारा, ज्वारीएवढा झाला की दुसरा, हरभऱ्याएवढा झाला की तिसरं काही. म्हणजे द्राक्षाचं वय धान्यात मोजायचं. तिथेच मला आईच्या कपाटातली डबी आठवली. त्यात आजीची बोरमाळ आहे, बोरासारख्या गोल मण्यांची. तिच्या शेजारी जोंधळी पोत, जोंधळ्याच्या दाण्याएवढे मणी. सोनार दागिना घडवताना शेतातल्या दाण्याचं नाव घेतो आणि शेतकरी फळ घडवताना सोनाराच्या मण्याचं. दोघांनी एकमेकांचे शब्द उसने घेतले आणि परत करायचं विसरले. वजनसुद्धा झाडावरूनच आलं. सोनं तोलायला गुंज, तांबड्या अंगावर काळा ठिपका असलेली. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. आईच्या डबीत चार गुंजा अजून आहेत. लहानपणी मी त्या तोंडात घालू नयेत म्हणून आजी मला धाक घालायची; गुंज विषारी असते हे तिला पुस्तकाविना ठाऊक होतं.

कधीकधी झाड नुसतं मापच देत नाही, अख्खा मणीच तयार करून देतं. बाबांनी ऑपरेशननंतर गळ्यात रुद्राक्ष घातला. ते तसे देवभोळे नाहीत. शेजाऱ्यांनी त्र्यंबकेश्वरहून आणून दिला, नाही कसं म्हणायचं, असं म्हणत घातला आणि आता आंघोळीलाही काढत नाहीत. त्र्यंबकच्या गल्लीत रुद्राक्षाचे ढीग बघून आपल्याला वाटतं की हे असंच तपकिरी, खडबडीत काहीतरी फांदीला लागत असेल. झाडावर ते फळ चक्क निळं असतं. आणि तो निळा रंग सालीत कुठे नसतोच. सालीतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश असा काही परततो की डोळ्याला निळं दिसतं, मोरपिसासारखं. गर काढला की उरते ती आतली कोय, म्हणजे आपला रुद्राक्ष, आणि तिच्या मधोमध आरपार जाणारी वाट आधीच असते. दोरा ओवायची सोय झाडानेच करून ठेवलेली. बाबांना मी हे सांगितलं. त्यांनी रुद्राक्ष वर धरून भोकातून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या नळ्या अशा मोकळ्या असत्या तर अडीच लाख वाचले असते."

आमच्या घरात मणी माणसांच्या नावातही आहे, फक्त लपलेला. आईची आई मनकर्णा. गावात तिला मनाबाई म्हणायचे. नाशिक-नगरकडच्या खेड्यांत त्या पिढीत मनकर्णा घरटी एक तरी सापडायची. ते मूळचं मणिकर्णिका, कानातला मणी, हे मला खूप उशिरा कळलं. काशीच्या घाटाचं नाव तेच, तिथे कर्णभूषण पडलं म्हणून. आणि त्याच घाटावर चिता अखंड जळतात. झाशीच्या राणीचं माहेरचं नावही तेच, मनू हा त्याचा लाडका तुकडा. दागिना, स्मशान आणि घोड्यावरची राणी, एवढं सगळं एका नावात घेऊन आमची आजी आयुष्यभर शेण सारवत राहिली. तिला कुणी अर्थ सांगितला असता तर ती म्हणाली असती, "असंल." चिंतामणी, नीलमणी, कौस्तुभ ही सुद्धा मण्यांचीच नावं, पण ती शिकलेल्या घरांत गेली. आमच्या वर्गात मणियार आडनावाचे दोघं होते, एक मारवाडी, एक मुसलमान. हजेरी घेताना बाई दरवेळी अडखळायच्या आणि दोघंही दरवेळी एकदम ओरडायचे. मला ते त्या वयात फार मजेशीर वाटायचं.

आणि पाठ दुखते तेव्हा आपण मणक्यांच्या डॉक्टरकडे जातो. आईच्या एक्सरेत मानेचे मणके झिजलेले दिसतात. बाबा म्हणतात, तुझ्या गळ्यातले मणी तुटतात आणि गळ्याच्या मागचे झिजतात, तू एकूण ओवलेलीच कच्ची. आई म्हणते, ओवणाऱ्याला विचारा.

मनाबाईचं सांगायचं राहिलं. मी दहा वर्षांची असताना आजोबा गेले. अंगणात बायका जमल्या आणि आम्हा पोरांना मागच्या गोठ्याकडे पिटाळलं, तरी मी कुडाच्या फटीतून पाहिलं. दोघी-तिघींनी आजीला धरलेलं आणि एकीने तिच्या गळ्यातली पोत ओढली. वाढवली. मणी अंगणातल्या धुळीत गेले. ते वेचायला कुणी खाली वाकलं नाही. मला त्या वेळी रडू आलं ते आजोबांसाठी नव्हतं, त्या मण्यांसाठी होतं, आणि याची मला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत राहिली. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने अशा सगळ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी आईने दोनदा वाचली, चष्मा काढला आणि पेपर घडी घालून गादीखाली ठेवला. ती आमच्याकडे महत्त्वाच्या कागदांची जागा आहे.

आजीच्या गळ्यात नंतर तुळशीची माळ आली. तुळशीच्या काष्ठाचे एकशे आठ मणी. दरवर्षी पौषात ती निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला चालत जायची. दिंडी नाशिकवरून पुढे निघायची तेव्हा आमच्या घरी एक मुक्काम. रात्री ती पायाला तेल चोळत बसायची आणि माळ अंगठ्याने पुढे सरकवत राहायची. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात सोन्याचे मणी सोन्याच्याच सुतात ओवल्याची उपमा आहे. मूळ गीतेत नुसते दोऱ्यातले मणी, ज्ञानेश्वरांनी दोराही सोन्याचा केला. आजीला ती ओवी पाठ होती. मी एकदा तिला विचारलं, सोन्याचा दोरा असतो का कुठे? "नसतोच," ती म्हणाली, "म्हणून तर तुटतो आपला."

यंदाही दिंड्या रस्त्याने जात होत्या तेव्हा आई आणि मी सराफ बाजारात गेलो होतो, मंगळसूत्र गाठवून घ्यायला. मोठ्या पेढ्यांत ते काम 'आठ दिवसांनी या' असं होतं. आईला आठ दिवस हळकुंडावर राहायचं नव्हतं, म्हणून आम्ही बोळातल्या पटवेकऱ्याकडे गेलो. दुकान म्हणजे ओटा, एक दिवा आणि दोऱ्यांचे गुंडे. पावसाळ्यात गोदावरी या बाजारात शिरते, त्याच्या भिंतीवर जुन्या पुराची मातकट रेघ अजून दिसते. पटवेकरी काकांनी पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवला, ताणला, आईने आणलेली मण्यांची वाटी जवळ ओढली आणि मण्यांच्या ढिगातून सुई नुसती फिरवली. मणी आपसूक सुईवर चढत गेले. मी सकाळी तासभर जे फरशीवरून एकेक टिपले होते ते दोन मिनिटांत रांगेत उभे राहिले. मग वाट्या. मग ते थांबले.

"सोन्याचा एक कमी आहे."

आई म्हणाली, घरात आहे, सापडेल. काका म्हणाले, तोवर तीनच घालू का? आई गप्प. जोडीचा हिशेब बिघडतो. वाटीच्या एका अंगाला दोन आणि दुसऱ्या अंगाला एक, असं मंगळसूत्र तिने कुणाच्या गळ्यात पाहिलेलं नाही. शेवटी काकांनी समोरच्या पेढीवरून एक नवा मणी आणायला सांगितला. एवढ्याशा मण्याचा भाव ऐकून मी पुन्हा विचारलं, चुकून तोळ्याचा तर सांगत नाहीत ना. नवा मणी जुन्या तिघांपेक्षा जास्त चमकतो. आता तो ओळखू येतो. मी मात्र माझं छोटं मंगळसूत्र लग्नकार्यालाच घालते आणि त्याबद्दल आई काही बोलत नाही. पण त्या दिवशी ओट्यावर बसून काकांचं काम बघताना तिने माझ्या मोकळ्या गळ्याकडे एकदा पाहिलं. मीही मान वळवली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन रात्री अवकाळी पाऊस झाला. त्याआधी थंडीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर गेला होता तेव्हा दादाने बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून रात्री काढल्या होत्या. ते निभावलं, पण पाऊस नाही निभावला. पाणी उतरलेल्या मण्यावर पाऊस पडला की मणी जास्तीचं पाणी शोषतो, साल पुरत नाही आणि तडकतो. दादाचा एक प्लॉट वाचला, एक गेला. मार्चमध्ये मेन रोडच्या तोंडाशी हातगाड्या लागल्या, घड नाहीत, नुसते सुटे मणी, ताडपत्रीवर ढीग घातलेले. पॅकहाउसमध्ये घड साफ करताना गळलेले, घडातून निसटलेले, मापात न बसलेले. "मणी घ्या, मणी!" गाडीवाला ओरडत होता. गोडीला ते कुठे कमी नसतात, उलट जास्तच पिकलेले असतात. आमच्याकडे पूर्वीपासून तेच येतात. आई दोन किलो घेते, मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात टाकते आणि तडकलेले बाजूला काढते.

त्या दिवशीही ती तेच करत होती आणि दादाचा फोन आला. स्पीकरवर. तो प्लॉट गेल्याचं सांगत होता, पण मधे मधे हसतही होता, त्याची सवयच तशी. आई ऐकत होती. "तडकले रे?" तिने विचारलं. "वाढले, आत्या," दादा म्हणाला, "तुमच्यातलं ते काय म्हणतात, तसे वाढले." मी त्याला जानेवारीतली हकिकत नंतर कधीतरी सांगितली होती, हे मी विसरूनच गेले होते. आई काहीच बोलली नाही. फोन ठेवून तिने पातेलं झाकलं आणि ओट्याखालचा केर काढायला घेतला.

केर सुपलीत भरला की ती लगेच टाकत नाही. सुपली खिडकीशी नेते, उजेडात धरते आणि हलकेच हलवते, तांदूळ पाखडतात तशी.

"आहे का?" बाबा आतून विचारतात.

"नाही," आई म्हणते. "आज नाही."